मोबाईलची काच: फुटणारी बरी की चरे पडणारी?

वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

या वेळच्या बहुतेक पत्रांचा विषय एकच होता: मोबाईलची स्क्रीन. कुणाची फुटली, कुणाच्या स्क्रीनवर चरे पडले, कुणाला दुकानदाराचं पटलं नाही. त्यांतली निवडक पत्रं इथे घेतली आहेत.

मोबाईल एकदा निसटला की काच तडकते आणि दुरुस्तीला फोनच्या जवळजवळ निम्मी किंमत जाते. घरातल्या बरण्या प्लास्टिकच्या झाल्या, चष्म्याची भिंगंसुद्धा प्लास्टिकची झाली. मग मोबाईललाच काच कशाला? आपण सारख्या स्क्रीन बदलाव्यात म्हणून कंपन्या मुद्दाम काच लावतात का?
— विद्यार्थी, कॉलेज रोड

चष्म्याचं उदाहरण तुम्ही चांगलं दिलंत, कारण उत्तर त्यातच आहे. प्लास्टिकच्या भिंगावर कडक लेप दिलेला असतो, आपण ते मऊ फडक्याने जपून पुसतो, डबीत ठेवतो. तरी वर्ष-दीड वर्षात त्यावर बारीक चरे दिसतातच. मोबाईल तर किल्ल्या आणि सुट्ट्या पैशांबरोबर खिशात घासला जातो आणि दिवसातून शंभरदा बोटाखाली येतो.

एके काळी मोबाईलला प्लास्टिकचीच स्क्रीन असायची. नोकिया ५२३३ अनेकांना आठवत असेल. तिची स्क्रीन दाबावर चालायची. वरचा पातळ प्लास्टिकचा पडदा खाली दबून दुसऱ्या थराला टेकला की टच लागायचा, म्हणजे वरचा थर लवचीक असणं भागच होतं. आताच्या स्क्रीनला बोटाची विद्युतधारकता, म्हणजे विद्युतभार धरण्याचा गुण कळतो, दाबावं लागत नाही. म्हणून वर कडक काच बसवता येते. जानेवारी २००७ मध्ये ॲपलने पहिला आयफोन दाखवला तेव्हा त्याच्या दर्शनी भागावर प्लास्टिकच होतं. १८ जूनला कंपनीने जाहीर केलं की त्याजागी काच येणार, आणि २९ जूनला फोन विक्रीला आला तो काचेचाच. चरे हेच त्यामागचं कारण होतं.

दुसरं कारण ताठपणाचं, आणि याकडे सहसा कुणाचं लक्ष जात नाही. पॉलिकार्बोनेट या मजबूत प्लास्टिकपेक्षा काच सुमारे तीसपट ताठ असते. पत्र्यासारख्या सपाट वस्तूचा वाकण्याला होणारा विरोध जाडीच्या घनाने वाढतो. म्हणजे ०.६ मिलिमीटर काचेइतकं न वाकणारं प्लास्टिक हवं असेल, तर ते साधारण तिप्पट जाड, जवळजवळ दोन मिलिमीटरचं घ्यावं लागेल. तेवढं जाड केलं की चित्र खोल विहिरीत दिसल्यासारखं दिसतं आणि टच मंदावतो. पातळ ठेवलं तर बोटाचा दाब थेट खालच्या डिस्प्लेवर जातो, आणि काही महिन्यांत तिथे डाग उमटतात.

न फुटणारी स्क्रीन बाजारात येऊनही गेली आहे. मोटोरोलाने २०१५ मध्ये मोटो एक्स फोर्स आणला. त्यात तळाशी ॲल्युमिनियमचा आधार, वर लवचीक डिस्प्ले, टचचे दोन थर आणि शेवटी प्लास्टिकची दोन आवरणं होती. पडून फुटणार नाही अशी चार वर्षांची हमी होती. पण त्या हमीत चरे येत नव्हते, आणि सगळ्यात वरचं आवरण खराब झालं की बदलता येईल असं वेगळं केलेलं होतं. म्हणजे चरे पडणार हे बनवणाऱ्यांनीही धरूनच ठेवलं होतं. त्यामुळे यात कट-कारस्थान शोधू नका. काच चऱ्यांना दाद देत नाही पण फुटते. प्लास्टिक फुटत नाही पण चरे घेतं. दोन्ही दोष एकाच वेळी टाळणारा पदार्थ अजून हाती आलेला नाही.

फोनच्या खोक्यावर गोरिल्ला ग्लास लिहिलं आहे. तरी द्राक्षाच्या हंगामात दोन महिन्यांत स्क्रीनवर चरे पडले. बागेत गंधकाची धुरळणी चालते, मोरचूद-चुन्याच्या बोर्डो मिश्रणाची फवारणी होते. त्याचा हा परिणाम का? की काच नकली आहे?
— द्राक्ष बागायतदार, निफाड

काच नकली आहे असं वाटत नाही, आणि गंधकावरचा आळही खोटा. खनिजांची कठीणता मोजायला मोझ यांची १ ते १० अशी मापपट्टी वापरतात. जास्त आकड्याचा पदार्थ कमी आकड्याच्या पदार्थावर चरा पाडतो. आपलं नख साधारण अडीचवर, तांब्याचं नाणं साडेतीनच्या आसपास, चाकूचं पातं साडेपाचवर आणि मोबाईलची काच सहाच्या जवळपास. गंधक दोनच्या आसपासचं, म्हणजे नखाइतकंच मऊ. बोर्डोतला चुना वाळून पांढरा होतो, तोही काचेपेक्षा बराच मऊ असतो. हे दोन्ही काचेला ओरबाडू शकत नाहीत.

खरा चोर मातीतली गारगोटी. ती सातवर. आपल्याकडचा काळा पाषाण म्हणजे बेसाल्ट. त्याच्या पोकळ्यांत गारगोटीचे आणि तिच्याच जातीचे स्फटिक भरपूर सापडतात. सिन्नरला तर त्यांचं गारगोटी नावाचं संग्रहालयच आहे. हा दगड झिजून जी कच बनते, तिच्यातले असे कण काचेला सहज कापतात. बेसाल्टमधली बाकीची खनिजंही सहाच्या आसपास, म्हणजे काचेच्या तोडीस तोड. बांधकामावरच्या क्रश सँडलाही हेच लागू.

आता चरा नेमका कधी पडतो ते पाहा. बागेतून बांधावर आलात, फोन काढला, स्क्रीनवर धूळ दिसली म्हणून पँटवर किंवा उपरण्याने खसकन पुसली. तो एकच कण कापड आणि काचेच्या मध्ये दाबला गेला आणि बोटभर लांब चरा पडला. खिशात फोन नुसता असताना पडणारे चरे बारीक, वेडेवाकडे असतात. पुसताना पडलेले लांब आणि एकाच दिशेचे असतात. उन्हात फोन तिरका धरून पाहा, तुमचे कुठले आहेत ते लगेच कळेल.

म्हणून पुसण्याआधी फोन उलटा धरून पाठीवर दोन टिचक्या मारा, फुंकर घाला, मग किंचित ओल्या सुती फडक्याने न दाबता एका दिशेने उचलत न्या. गोल गोल घासू नका. फोनचा खिसा वेगळा ठेवा, आणि तो आठवड्यातून एकदा उलटा करून झटका. खिशाच्या शिवणीत साठलेली कच पाहिलीत की पुढचं सांगावं लागणार नाही. पडलेल्या चऱ्यांवर टूथपेस्ट चोळण्याचा उपाय सर्रास सांगतात. तो करू नका. टूथपेस्टमधले घासणारे कण चरा भरून काढत नाहीत, काचेवरचा तेल न धरणारा लेप मात्र काढून टाकतात. मग बोटांचे ठसे आधीपेक्षा जास्त उमटतात.

टेम्पर्ड ग्लास घ्यायला एम. जी. रोडला गेले. एकाने ९एच दाखवली, दुसऱ्याने ११डी, तिसऱ्याने प्लास्टिकची न फुटणारी फिल्म. किमती पन्नास रुपयांपासून आठशेपर्यंत. यातलं खरं काय? आणि मी घरी लावली की बुडबुडे का राहतात?
— गृहिणी, नाशिक रोड

९एच म्हणजे पेन्सिलची कठीणता, मोझच्या मापपट्टीशी तिचा संबंध नाही. रंग आणि लेपांच्या चाचणीसाठी ही पद्धत आहे. पेन्सिल ४५ अंशांत धरून ७५० ग्रॅमच्या भाराने पृष्ठभागावर पुढे ढकलतात. सगळ्यात कडक ९एच पेन्सिलनेही चरा पडला नाही, तर तो पृष्ठभाग ९एच. खिडकीची साधी काचसुद्धा या चाचणीत पास होते. त्यामुळे ९एच लिहिलेलं असणं म्हणजे ही काच आहे एवढंच समजा. डीचंही तसंच. २.५डी म्हणजे कडा गोलसर घासलेल्या, ३डी म्हणजे कडा वळवलेल्या. त्यापुढचे ५डी, ९डी, ११डी हे नुसते व्यापारी आकडे. त्यांचं काही ठरलेलं माप नाही.

पैसे कशाचे द्यायचे ते सांगतो. पहिलं, गोंद पूर्ण काचेला हवा. स्वस्त काचेला फक्त कडेने गोंद असतो आणि मध्ये हवेची पोकळी राहते. तिथे टच अडखळतो, आणि खाली टेका नसल्याने काच लवकर फुटते. ओळखायची खूण सोपी आहे. लावल्यावर मध्यभागी ठिपक्यांची जाळी किंवा इंद्रधनुषी वलयं दिसली तर गोंद कडेलाच आहे. दुसरं, जाडी ०.३ मिलिमीटरच्या आसपास पुरे. तिसरं, काच स्क्रीनच्या कडेपासून थोडी आत, निदान अर्धा मिलिमीटर असावी. कडेला भिडलेली काच कव्हर घालताच उचलली जाते आणि महिनाभरात कोपऱ्यातून सुटते. ही तिन्ही लक्षणं असलेली काच दोनशे-तीनशे रुपयांत मिळते. त्याहून महाग घेण्याची गरज नाही.

फिल्मचं म्हणाल तर ती वेगळ्याच कामाची. टीपीयू या रबरासारख्या लवचीक प्लास्टिकची मऊ फिल्म चरा अडवते, वळलेल्या कडांवर बसते, फुटत नाही. पण दगडाचा टोकदार मार ती काचेइतका झेलत नाही. टेम्पर्ड काच स्वतः तडकून टोकाचा मार पसरवते. गार्ड तडकला म्हणजे खालची स्क्रीन वाचलीच असं मात्र दर वेळी नसतं. गार्ड पातळ असतो आणि त्याच्या कडा कच्च्या असतात, त्यामुळे जिथे स्क्रीनला काहीच झालं नसतं तिथेही तो फुटतो.

बुडबुड्यांबद्दल. हवेचा बुडबुडा दाबला की कडेला सरकतो किंवा एक-दोन दिवसांत जिरतो. धुळीचा बुडबुडा जागचा हलत नाही, त्याच्या मधोमध टाचणीच्या टोकाएवढा ठिपका दिसतो. घरी लावताना पंखा पहिल्यांदा बंद करा. निम्मे बुडबुडे पंख्याच्या धुळीने येतात. न्हाणीघरात दोन मिनिटं गरम पाणी सोडून वाफ बसू दिली की हवेतली धूळ खाली बसते, तिथेच लावलेलं उत्तम. हात धुवा. आधी ओला पुसणा फिरवा, मग कोरडा, आणि शेवटी पाकिटातला निळा चिकट कागद पूर्ण स्क्रीनवर टेकवत उचलत न्या. काच वरून, कानाच्या जाळीची खाच जुळवून टेकवा आणि मधोमध एकच बोट दाबून सोडा. गोंद आपोआप पसरत जाईल. एखादा कण आत दिसलाच तर त्या कोपऱ्याला चिकटपट्टी लावून काच उचला, दुसऱ्या चिकटपट्टीने कण टिपा, मग काच सोडा. स्क्रीनखाली ठशाचा सेन्सर असेल तर गार्ड लावल्यावर बोटाचे ठसे पुसून नव्याने नोंदवा. तसं केलं नाही की लोक गार्डलाच दोष देतात.

कारखान्यात ग्राइंडिंग मशीनवर काम करतो. दोन टेम्पर्ड ग्लास लागोपाठ धुरकट झाल्या, जणू कुणी पॉलिश पेपर फिरवला. प्लास्टिकची फिल्म टिकेल का?
— कामगार, सातपूर

पॉलिश पेपरच फिरला आहे. ग्राइंडिंग व्हील ॲल्युमिनियम ऑक्साइडचं किंवा सिलिकॉन कार्बाइडचं असतं, मोझवर नऊ आणि त्याच्या वर. त्याची धूळ कुलंटच्या, म्हणजे घासताना थंडाव्यासाठी सोडलेल्या तेलात मिसळून बोटाला लागते आणि तेच बोट स्क्रीनवर फिरतं. या धुळीपुढे कुठलीही काच टिकणार नाही, मग ती कितीही महागाची असो.

फिल्मवरही चरे पडतील, पण तुमच्या कामात मऊ टीपीयू फिल्मच घ्या. ती किंचित दबते, म्हणून बारीक कण कापण्याऐवजी रुतून सरकतो, आणि उथळ खुणा काही तासांत भरूनही येतात. शिवाय बदलणं स्वस्त. चार महिन्यांनी बदलायची असंच धरून चला. पाळीला फोन झिपच्या पारदर्शक पिशवीत ठेवा, टच पिशवीवरूनही लागतो. हात पुसायच्या कॉटन वेस्टने स्क्रीन कधीही पुसू नका, त्यात बर, म्हणजे धातूचे बारीक धारदार कण, आणि ग्राइंडिंगची धूळ दोन्ही असतात. आणि तेल काढायला थिनर किंवा पेट्रोल नको. पॉलिकार्बोनेटच्या कव्हरला थिनरने बारीक भेगांचं जाळं पडतं. भांड्यांच्या साबणाचा एक थेंब वाटीभर पाण्यात घालून त्याने ओलसर केलेलं फडकं पुरतं.

कडा वळलेल्या स्क्रीनच्या फोनला दुकानदाराने यूव्ही ग्लास लावून दिली. दुसऱ्या दिवसापासून समोरच्याचा आवाज दबका येतो आणि आवाजाचं बटण अडकतं.
— वाचक, इंदिरानगर

गोंद आत गेला आहे. यूव्ही ग्लास पातळ द्रव गोंदाने बसवतात आणि नंतर अतिनील दिव्याखाली गोंद कडक करतात. लावण्याआधी कानाची जाळी आणि बटणांच्या फटी पट्टीने बंद करायच्या असतात. घाईत ते राहून जातं. कडक झालेला गोंद टाचणीने कोरू नका, जाळीमागचा पडदा फाटतो. ज्याने लावली त्याच्याकडेच जा आणि स्पीकरची जाळी बदलून मागा. वळलेल्या स्क्रीनला आमची पसंती टीपीयू फिल्मलाच. यूव्ही गोंद लावलेला फोन वॉरंटीत दुरुस्तीला नेला तर तिथेही अडचण येऊ शकते.

घडी घालायच्या फोनला काच असते का? वरचा कागद कोपऱ्यातून सुटतोय, काढून टाकू का?
— वाचक, गंगापूर रोड

काढू नका. तो कागद नाही, स्क्रीनचाच भाग आहे. २०१९ च्या एप्रिलमध्ये सॅमसंगचा पहिला फोल्ड परीक्षणासाठी दिला होता. तेव्हा काहींनी वरचा थर संरक्षक फिल्म समजून सोलला आणि डिस्प्ले बंद पडला. तो फोन पुढे सुधारून सप्टेंबरमध्ये विकायला आला, त्यात थराच्या कडा चौकटीखाली दडवल्या होत्या. २०२० च्या झेड फ्लिपपासून आत ३० मायक्रॉनची, म्हणजे केसाहून पातळ काच आली. पण तिच्यावर प्लास्टिकचा थर असतोच, आणि नखाला लागतो तो तोच. म्हणून घडीच्या स्क्रीनवर नख आणि पेनाचं टोक दाबू नका, घडी मिटताना आत कण नाही ना ते पाहा. सुटलेला थर सर्व्हिस सेंटरमध्ये बदलून मिळतो. सुटलेल्या कोपऱ्यातून धूळ घडीच्या रेषेपर्यंत जाण्याआधी न्या.

काच फुटली, पण चित्र आणि टच ठीक आहे. एक दुकानदार म्हणतो फक्त काच बदलू, दुसरा म्हणतो पूर्ण कॉम्बोच घ्यावा लागेल. दोघांच्या पैशांत चौपटीचा फरक. कुणावर विश्वास ठेवायचा?
— शिक्षिका, पंचवटी

दोघेही खरं बोलत असू शकतात. आजच्या फोनमध्ये काच, टच आणि डिस्प्ले हे पारदर्शक गोंदाने एकजीव चिकटवलेले असतात. या तिघांच्या जोडणीलाच बाजारात कॉम्बो किंवा फोल्डर म्हणतात. फक्त काच बदलायची तर जोडणी गरम पाटीवर सुमारे ८० अंशांपर्यंत तापवतात, केसाएवढी बारीक तार काच आणि डिस्प्लेच्या मधून करवतीसारखी ओढतात, जुना गोंद बोटाने चोळून काढतात. मग ओसीए नावाचा गोंदाचा पारदर्शक ताव टाकून नवी काच निर्वात यंत्रात दाबतात, आणि शेवटी दाबाच्या डब्यात ठेवून बुडबुडे जिरवतात. हे सगळं यंत्र नसलेला दुकानदार काच बदलून देतो म्हणाला तर तो फोन बाहेर पाठवणार, एवढं समजा. पाठवायला हरकत नाही, पण तसं विचारून घ्या.

डिस्प्ले एलसीडी (मागून दिव्याचा उजेड लागणारा) किंवा काचेवर घडवलेला ओलेड (ज्याचा प्रत्येक ठिपका स्वतः उजळतो) असेल आणि फोनच्या कडा सपाट असतील, तर हे काम जाणत्या हातांत नीट होतं. तुमच्यासारख्या केसमध्ये तेच करावं असं आम्हाला वाटतं, कारण मूळचा डिस्प्ले वाचतो. वळलेल्या कडांच्या फोनमध्ये ओलेड प्लास्टिकच्या पातळ पडद्यावर असतो. तार जरा खाली गेली की हिरवी रेघ आलीच. तिथे धोका मोठा, आणि डिस्प्ले गेला तर भरपाई कोण देणार हे आधी कागदावर लिहून घ्या.

कॉम्बो बदलायचाच ठरला तर तो मूळ जातीचाच आहे ना हे पाहणं महत्त्वाचं. ओलेड फोनला स्वस्तातला एलसीडी कॉम्बो बसवून देण्याची पद्धत आहे. तो बसतो, चालतोही, पण स्क्रीनखालचा बोटाचा सेन्सर कायमचा बंद पडतो. पैसे देण्याआधी दुकानाच्या कोपऱ्यात अंधार करून पूर्ण काळं चित्र लावा. ओलेड पूर्ण विझलेला दिसेल, एलसीडीतून राखाडी उजेड येईल. मग पांढरं चित्र लावून कडांना पिवळी झाक आहे का पाहा. एखादं ॲपचं चिन्ह बोटाने धरून सगळ्या कडांवरून फिरवा. जिथे सुटेल तिथे टच मेला आहे. फोन लावून कानाला धरा, स्क्रीन विझली पाहिजे. सॅमसंग असेल तर डायलवर स्टार, हॅश, शून्य, स्टार, हॅश दाबलं की तपासणीची यादीच उघडते. फोन एकदा उघडला की पाण्यापासूनचं सील पहिल्यासारखं राहत नाही, तेव्हा नवा गोंद लावला का विचारा आणि पुढे पावसात फोन जपा. दुरुस्तीला देण्याआधी फोटो आणि कागदपत्रं दुसरीकडे उतरवून घ्या, सिम काढून ठेवा. बिलावर कॉम्बोचा प्रकार आणि हमीचे महिने लिहून मागा.

स्क्रीनला केसासारखा एकच तडा आहे. बदलायलाच हवी का? पावसाळा तोंडावर आहे.
— वाचक, इगतपुरी

इगतपुरीच्या पावसात नाही ठेवता येणार. तड्यातून ओल केशाकर्षणाने आत ओढली जाते, आणि आठ-पंधरा दिवसांनी एका बाजूला डाग किंवा आपोआप लागणारा टच सुरू होतो. तोवर जे काम फक्त काचेचं होतं, ते पूर्ण कॉम्बोचं होऊन बसतं. बदलेपर्यंत तड्यावर पूर्ण गोंदाची फिल्म लावून ठेवा. सेलोटेप नको, तिची कड सुटते आणि तिच्याखाली पाणी साठतं. फोन भिजलाच तर तो तांदळाच्या डब्यात ठेवण्याचा खटाटोप करू नका. तांदळाचं पीठ त्या तड्यात शिरतं.

माझे वडील रिक्षा चालवतात. वर्षभरात तीन फोन फोडले. डॅशबोर्डच्या स्टँडवरून पडतो किंवा वरच्या खिशातून वाकताना निसटतो. नवा घ्यायचा आहे. काय पाहून घेऊ?
— वाचक, द्वारका

काचेचं नाव सगळ्यात शेवटी पाहा. मोबाईलची काच रसायनाने कडक केलेली असते. सुमारे ४०० अंशांवर वितळलेल्या पोटॅशियम नायट्रेटमध्ये ती बुडवतात. काचेतले सोडियमचे छोटे आयन, म्हणजे विद्युतभारित अणू, बाहेर पडतात आणि त्यांच्या जागी पोटॅशियमचे मोठे आयन शिरतात. बाकावर तीन किडकिडीत माणसं बसली आहेत, त्यांच्या जागी तीन धिप्पाड बसली की बाक जसा आवळतो, तसा काचेचा पृष्ठभाग आवळला जातो. हा आवळलेला थर जेमतेम केसाच्या जाडीइतका असतो. खडीचं टोक त्याच्या पलीकडे गेलं की आतला ताण मोकळा होतो आणि तडा धावत सुटतो. म्हणून गुळगुळीत फरशीवर वाचलेला फोन डांबरी रस्त्यावर कमी उंचीवरून पडूनही फुटतो. आणि काचेचा सगळ्यात कच्चा भाग म्हणजे तिची कड.

तेव्हा पहिली अट, स्क्रीन पूर्ण सपाट हवी आणि काच चौकटीच्या पातळीच्या वर आलेली नसावी. फोन टेबलावर उपडा ठेवून कडेने पाहिलं की कळतं. दुसरी अट वजनाची. छातीच्या उंचीवरून, म्हणजे सव्वा मीटरवरून पडताना २२० ग्रॅमचा फोन १७० ग्रॅमच्या फोनपेक्षा तीस टक्के जास्त जोराने आपटतो, कारण पडण्याची ऊर्जा वजनाच्या प्रमाणात वाढते. तिसरी, पाठ प्लास्टिकची घ्या. पाठीला काच असणं म्हणजे फुटणारी बाजू आणखी एक, आणि तिथे प्लास्टिकचा तोटा काहीच नाही. पाठीवरच्या चऱ्यांनी वाचायला अडत नाही. मग काच कोणती ते पाहा. त्या मॉडेलचा कॉम्बो सहज मिळतो का, हे घेण्याआधी शालिमारला एखाद्या दुरुस्तीवाल्याला विचारा. खपाच्या मॉडेलचे भाग स्वस्त पडतात.

कव्हर घेताना त्याची ओठी पाहा, म्हणजे स्क्रीनच्या वर आलेली कड. ती गार्ड लावल्यावरही एक मिलिमीटर तरी वर हवी. कव्हर घालून फोन उपडा ठेवा आणि खालून पोस्टकार्ड सरकवून पाहा. सहज गेलं तर ओठी पुरेशी आहे. कोपऱ्यांत हवेच्या उशा असलेलं टीपीयूचं कव्हर घ्या, कारण फोन बहुतेक वेळा कोपऱ्यावरच पडतो. कडक प्लास्टिकचं पातळ कव्हर मार शोषत नाही, तसाच पुढे पाठवतो. नाशिकच्या एप्रिल-मेच्या उन्हात टीपीयू ढिलं पडतं, कोपरे सुटायला लागले की बदला.

स्टँड चुंबकाचा किंवा नुसत्या पकडीचा नको, खालून टेका देणारा आणि चारही कोपऱ्यांना रबरी जाळी अडकवता येईल असा घ्या. आणि वरच्या खिशासाठी कव्हरला दोरी ओवायचं भोक असलेलं पाहा. गळ्यात किंवा खिशाच्या गुंडीला दोरी अडकवली की बाबा वाकले तरी फोन छातीपाशीच लटकतो. दोरी तीस-चाळीस रुपयांची आहे, आजच घ्या. फोन सावकाश घ्या.